जाम ते मानपूर: जुन्या नकाशातली घाटवाट खरी कशी ओळखायची

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुमचे खापरपणजोबा होळकरांच्या चाकरीत होते आणि इंदूरहून निमाडात जाताना ते तुमच्या मूळ गावावरून घाट उतरायचे, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तुम्हाला १८२३ च्या नकाशाची स्कॅन केलेली प्रत मिळाली. तिच्यात महूच्या दक्षिणेला, जाम आणि मानपूर यांच्या मधल्या पट्ट्यातून, तुमच्या गावाला खेटून नर्मदेकडे जाणारी एक रेघ दिसते. नंतर इंग्रजांनी छापलेल्या ‘इंडियन ॲटलस’च्या पानावर ती रेघ नाही. आजच्या नकाशात तिथं जंगल आणि एक नाला एवढंच आहे. मग कोणता नकाशा खोटा, आणि घरची गोष्ट खरी की नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी इंदुरात राहतो. रस्त्यांच्या आखणीसाठी मोजणी करण्यात तीसेक वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी याच विंध्याच्या उतारावर. जुने नकाशे आधी कामापुरते बघायचो, पुढे त्यांचीच ओढ लागली. तुमचं गाव मी पाहिलेलं नाही, त्यामुळे शेवटचा निवाडा मी देऊ शकत नाही. तो गावाच्या आसपासच्या जमिनीवर अवलंबून आहे, आणि थोडा तुमच्या घरच्या कागदांवरही. पण तो कसा लावायचा हे सांगू शकतो.

‘कोणता खोटा’ हे आधी बाजूला ठेवा. हे दोन्ही नकाशे आपापल्या जागी बहुधा खरेच असतील. आपल्याला शोधायचं आहे ते हे, की रेघ ओढणारा माणूस तिथून स्वतः गेला होता का, कोणत्या दिवसांत गेला होता, आणि त्याच्याबरोबर काय काय होतं.

१८२३ चा नकाशा म्हणजे बहुधा जॉन माल्कम या इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथासोबतचा. डिसेंबर १८१७ मध्ये होळकर आणि इंग्रज यांच्यात महिदपूरची लढाई झाली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, महूला छावणी पडली आणि माल्कमचे अधिकारी माळवाभर फिरू लागले. त्यांतला डेंजरफील्ड बाघच्या लेण्यांचं पहिलं वर्णन करणारा म्हणून लोकांना ठाऊक असतो, पण मुळात तो मोजणी करणारा होता. तो नकाशा पलटणींच्या कूचमार्गांवरून आणि हाताखालच्या अधिकाऱ्यांच्या मोजणीवरून तयार केला, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलं आहे. म्हणजे पलटण जिथून गेली तिथं रेघ आली. जिथून गेली नाही तिथं कोणा वाटाड्यानं सांगितलं ते आलं, नाहीतर कागद कोराच राहिला. सातपुड्याच्या अंगाला, बडवानीच्या दक्षिणेला त्या काळच्या नकाशांत मोठमोठे कोरे तुकडे दिसतात. तिथं वाटा नव्हत्या असं कुणी समजू नये. भिल्ल-भिलाल्यांच्या वाटा होत्याच, मोजणी करणारा तिथं पोचला नव्हता.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तुमची ती रेघ भिंग घेऊन बघणं. मोजलेली रेघ आणि ऐकीव रेघ डोळ्यांना वेगळी दिसते. पूर्वीचा मोजणीदार मोजणीचं चाक ढकलत जायचा, होकायंत्रानं दिशा घ्यायचा आणि वाटेत लागलेलं प्रत्येक गाव, नाला, टेकडी वहीत टिपायचा. म्हणून मोजलेली रेघ बारीक बारीक वळते, तिच्या दोन्ही अंगांना कोस-दीड कोसावर गावांची नावं लागतात, नाला ओलांडताना त्याचं नाव येतं, आणि डोंगराचा चढ दाखवणाऱ्या छायारेषांत वाट शिरते तिथं खिंड मोकळी सोडलेली असते. ऐकीव रेघ दोन मोठ्या गावांना दोरी ताणल्यासारखी जोडते. मधे एखादंच नाव, तेही पुष्कळदा मोडून-तोडून लिहिलेलं. तुमच्या गावाचं नाव त्या रेघेवर आहे आणि त्याच्या पुढे-मागे आणखी चार नावं आहेत, असं तुम्ही लिहिलंय. ही चांगली खूण आहे. त्या चारही नावांचा आज पत्ता लागतो का ते बघा. तीन जरी सापडली तरी मी ती रेघ मोजलेली धरीन.

आता ऋतूचा मुद्दा. आपल्याकडे मोहिमा दसऱ्यानंतर निघायच्या, सीमोल्लंघन करून. इंग्रजांच्या पलटणीसुद्धा पाऊस संपल्यावरच हलायच्या. मोजणीही तेव्हाच व्हायची. त्यामुळे नकाशातली वाट ही दसऱ्यापासून वैशाखापर्यंतची वाट असते. माळव्याची काळी माती आषाढात गाडीचं चाक आसापर्यंत गिळते. तेव्हा लोक वेगळ्या वाटेनं जायचे, मुरमाड धारेवरून, लांबचा फेरा घेऊन. आणि उन्हाळ्यात घाटाच्या पायथ्याला नाल्याच्या कोरड्या पात्रातूनच गाड्या हाकायचे, कारण पात्र सपाट आणि सावलीही बरी. डोंगराळ मुलखात रस्ता म्हणजे एकच पट्टी कधी नसायचा. तीन-चार वाटांची ती जुडी असायची आणि दिवस पाहून माणूस त्यांतली एक धरायचा. नकाशा काढणाऱ्यानं त्यांतली एक पकडली, बाकीच्या सुटल्या. तुमच्या खापरपणजोबांची वाट नकाशातल्या वाटेपासून अर्धा कोस सरकलेली निघाली तरी घरची गोष्ट खोटी ठरत नाही.

वाटा कितीही सरकल्या तरी तीन जागा सरकत नाहीत: नदीचा उतार (म्हणजे नदी ओलांडायची जागा), घाटमाथ्याची खिंड आणि बारमाही पाणी. मी नेहमी या तिघांपासून सुरुवात करतो आणि रेघ शेवटी जुळवतो.

नर्मदेचे उतार घ्या. मांडूहून खाली येणाऱ्याला अकबरपूरचा उतार लागायचा. मोगलांच्या काळापासून त्याचं नाव कागदांत येतं. आजचा आग्रा-मुंबई रस्ता त्याच भागात, खलघाटला नदी ओलांडतो. वर महेश्वर-मंडलेश्वरचा उतार, पूर्वेला बडवाहजवळचा खेडीघाट, आणि त्याहून बरंच पूर्वेला हंडिया, जिथून बऱ्हाणपूर-सिरोंज-आग्रा हा मोगली राजमार्ग जायचा. तुमची वाट कुठलीही असो, खाली ती यांतल्याच एका उताराकडे वळणार. तुमच्या गावापासून महेश्वर आणि अकबरपूर ही दोन्ही ठिकाणं आवाक्यात आहेत, तेव्हा आधी ठरवायचं ते एवढंच, की रेघ कुणाकडे झुकते. ती महेश्वराकडे झुकत असेल तर होळकरी कारभाराची वाट म्हणून तुमच्या घरच्या गोष्टीला जोर येतो. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर. इंदूर आणि महेश्वर यांच्यामधे कारकून, जासूद, खजिना, फौजफाटा यांची रोजची ये-जा.

या ये-जा करण्याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा म्हणजे जामचा दरवाजा. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला, अगदी पठाराच्या कडेवर. इंदूरची मंडळी आता पावसाळ्यात ढग बघायला तिथं जातात. गर्दी नसलेल्या एखाद्या सकाळी जाऊन तुम्ही कमानीतून दक्षिणेकडे बघा. पायाखालून जमीन चारशेएक मीटर खाली निमाडात उतरते. डोंगराच्या कडेला एवढं घडीव दगडाचं काम उगाच कुणी करत नाही. दरवाजा असलेला घाट हा राजरोस घाट. तिथं चौकी असणार, जकात असणार, रात्रीच्या मुक्कामाची सोय असणार. आणि जिथं जकात तिथं ती चुकवायला आडवाटाही असणार. जामच्या पश्चिमेला मानपूरपर्यंत ज्या लहान खिंडी आहेत, त्यांतल्या काही तशाच कामाच्या असाव्यात असं मला त्यांच्या चढावरून वाटतं. त्यांतून लादलेला बैल चढतो, पण भरलेली गाडी चढत नाही.

हा फरक तुमच्या प्रश्नात कळीचा आहे. बंजाऱ्यांचा तांडा पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचा. त्याला रुंद रस्ता लागत नाही, पाणी आणि चारा लागतो. तोफा ओढणाऱ्या पलटणीला रुंदी आणि सौम्य चढ लागतो. खाजगी कामाला निघालेला घोडेस्वार कारकून कशावरूनही जातो. पलटणीच्या नकाशात तांड्याची वाट आली तर ती वाटाड्याच्या सांगण्यावरून, आणि बारीक रेघेनं. तुमच्या प्रतीत जामची रेघ जाड आहे आणि तुमची बारीक, हे तुम्हीच लिहिलंय. मग ही बहुधा लादणीच्या बैलांची आणि घोड्यांची वाट, गाडीरस्ता नव्हे.

आता पुढच्या ॲटलसमध्ये ती का नाही? चार मैलाला एक इंच प्रमाणाची ही ॲटलसची पानं १८२७ पासून लंडनमध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली जाऊ लागली. त्या प्रमाणात सगळ्या वाटा दाखवायला जागाच नसते. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे काढणाऱ्याच्या गरजेवर ठरतं. महूला छावणी, खाली मंडलेश्वरही काही दशकं इंग्रजांच्या ताब्यात, म्हणजे त्यांना या दोन ठिकाणांना जोडणारा घाट हवा. आणि मुंबईकडे जाणारा मोठा रस्ता मानपूरच्या घाटातून गेला. दोन्ही बाजूंना सुधारलेले रस्ते झाल्यावर मधल्या खिंडीची वाट नकाशातून गळली, आणि हळूहळू पायांतूनही. १८७० च्या दशकात तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि खांडवा-इंदूर रेल्वे पाताळपाणी-कालाकुंडच्या घाटातून वर आली. धान्य, कापूस, अफू हा सगळा माल रुळांकडे वळला. रेल्वेच्या आधीचा आणि नंतरचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून बघा. आधी वाटा उतारांकडे धावतात, नंतर स्टेशनांकडे. मला दर वेळी ते बघून थोडं वाईट वाटतं. शंभर वर्षं ज्या खिंडीत घुंगरांचा आवाज होता ती एका पिढीत मुकी होते.

ॲटलस वापरताना एक सावधगिरी. माझा एक अख्खा दिवस यात वाया गेला आहे, म्हणून आवर्जून सांगतो. जीपीएस हातात आलं त्या सुरुवातीच्या दिवसांत मी जुन्या पानावरून एका विहिरीचे अक्षांश-रेखांश उतरवून घेतले आणि थेट तिथं गेलो. दिवसभर एका नाल्यात फिरलो, दगडसुद्धा जागचा हललेला दिसला नाही. संध्याकाळी परतताना लक्षात आलं. जुन्या नकाशांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या रेखांशावर बेतलेले होते आणि वेधशाळेचा तो आकडा पुढे दुरुस्त झाला. फरक सुमारे अडीच कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). आपल्या अक्षांशावर अडीच कला म्हणजे सव्वाचार किलोमीटर. जुना आकडा मोठा, म्हणून मी चार किलोमीटर पूर्वेला, शेजारच्या दरीत उतरलो होतो. पुष्कळ जुन्या पानांवर ही दुरुस्ती बारीक अक्षरात छापलेली असते. मी ती वाचली नव्हती. तुमची स्कॅन प्रत गुगलच्या नकाशावर बसवताना चौकटीच्या आकड्यांवर बसवू नका. न हललेल्या जागा धरा: महेश्वरचा किल्ला, मांडूचे दरवाजे, नद्यांचे संगम. अशा सात-आठ खुणा जुळवल्या की माल्कमचा नकाशासुद्धा बऱ्यापैकी बसतो, तरी डोंगरात किलोमीटर-दोन किलोमीटरची चूक गृहीतच धरा. आणि पानाच्या तळाशी असलेली तारीख छापल्याची असते, मोजणी त्याच्या कितीतरी आधीची असू शकते.

यानंतर विसाव्या शतकातली एक इंच-एक मैल प्रमाणाची सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा, काढा. तुमचा सगळा टापू, इंदूर-महूपासून महेश्वर-मांडूपर्यंत, ४६ एन या आकड्याखाली येतो. तिच्यात सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा आहेत, म्हणजे चढ मोजता येतो. गाडीवाट तुटक रेषेनं आणि पायवाट ठिपक्यांनी दाखवलेली असते. मोठा रस्ता मेला की तो आधी गाडीवाट होतो, मग पायवाट. १८२३ ची रेघ जिथं होती तिथं ठिपके सापडले, आणि ते ठिपके दोन गावांना न जोडता थेट खिंड गाठत असतील, तर ती जुनी वाट असण्याचा संभव मोठा. गावकऱ्यांची शेताला जायची वाट खिंडीपर्यंत जात नाही.

आता पायाखालचं. अशाच एका खिंडीच्या खाली, वस्तीपासून दीडेक कोसावर, मला झाडीत एक बावडी सापडली होती. आजूबाजूला गाव नाही, पडक्या गावाची जोतीही नाहीत. बावडी साधीच, उतरायला एका बाजूनं पायऱ्या आणि त्या मधोमध झिजलेल्या. पण बाहेर दगडाची हाळ होती, तेरा-चौदा फूट लांब, एका अंगाला ढासळलेली. एवढी हाळ चार गुरांसाठी कुणी बांधत नाही. एका वेळी वीस-पंचवीस बैल पाण्यावर लावायचे असतील तरच ती लागते. तिथून वर चाललो तर उघड्या कातळावर दोन समांतर खोबणी दिसल्या, बोटभर खोल, मधे मातीनं भरलेल्या. टेप लावला. मध्यापासून मध्यापर्यंत पावणेपाच फूट. पायथ्याच्या गावात परत येऊन एका जुन्या बैलगाडीची दोन चाकं मोजली, जवळपास तेवढंच भरलं. नकाशात त्या जागी पायवाट होती, पण कातळ सांगत होता की कधीकाळी इथून गाड्या गेल्यात. म्हणून म्हणतो, बारीक रेघ बघून मी तुमची वाट बैल-घोड्यांची म्हटली खरी, पण खोबणी सापडल्या तर माझं म्हणणं खुशाल खोडून काढा.

गावात विचारताना ‘जुना रस्ता कुठे होता’ असं विचारू नका. उत्तर येईल, रस्ता तर पंचायतीनं आत्ता केला. मीही तसंच विचारत असे. एका भिलाला म्हाताऱ्यानं मला दोन दिवस काही सांगितलं नाही, कारण मी ‘सडक’ म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी सहज विचारलं, ‘बाबा, बंजारे बैल कुठं सोडायचे?’ तेव्हा तो उठलाच आणि मला एका मोकळ्या माळावर घेऊन गेला. त्याच्या आजोबांनी दाखवलेली जागा, तिथं अजूनही कुणी नांगरत नाही. मीठ कुठून यायचं, लग्नाचं वऱ्हाड कुठून चढायचं, चौकीवर कुणाच्या घराण्याचा माणूस बसायचा, हेही विचारा. मानपूरच्या अंगाला घाटवाटांच्या राखणीची जबाबदारी भूमिया ठाकुरांकडे, म्हणजे तिथल्या लहान सरदारांकडे, होती. अशा घरांत वाटांची आठवण नकाशापेक्षा जास्त टिकते. टांडा, नाका, चौकी, सराय, पडाव अशी शेतांची आणि पाड्यांची नावंही टिपून घ्या. शेताचं नाव कागदोपत्री बदलायला कुणी बसत नाही.

आणि तुमच्याकडे आहे ते माझ्याकडे कधीच नव्हतं: घरची मोडी पत्रं. दोन पत्रांवर तारखेशेजारी ‘मु॥’ लिहून पुढे एक गाव आहे असं तुम्ही म्हणता. तो मुक्काम. आपल्या लोकांनी नकाशे कमी काढले आणि जे काढले त्यांत उत्तर वर असेलच असं नाही, पण मुक्काम लिहायला ते चुकले नाहीत. लागोपाठच्या तारखांचे मुक्काम एका ओळीत मांडले की मजल दरमजल वाट उभी राहते. एक मजल साधारण पाच-सहा कोसांची. कोस प्रांताप्रांतात बदलतो, तेव्हा तीन किलोमीटर हे ढोबळ माप धरा आणि डोंगरात त्याहून कमी. इंदूर सोडल्यावर दुसऱ्या रात्रीचा मुक्काम घाटमाथ्यावर आणि तिसऱ्या रात्रीचा नर्मदेच्या काठावर पडत असेल, तर मधली खिंड कोणती हे अंतरावरूनच बरंचसं ठरतं. जामवरून गेलेला माणूस आणि तुमच्या खिंडीतून गेलेला माणूस एकाच गावात दुसरी रात्र काढणार नाही.

म्हणून माझ्या मते क्रम असा ठेवा. आधी ती दोन पत्रं मोडी नीट जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. गावाचं नाव ‘घाटी’ की ‘घाटिया’ एवढ्या एका अक्षरावर सगळं फिरू शकतं. मग भिंग घेऊन १८२३ ची रेघ, मग टोपोशीटवर चढ, आणि सगळ्यात शेवटी गाव. जायचं ते मार्गशीर्षानंतर, गवत वाळून बसल्यावर. त्याआधी कातळ दिसत नाही आणि बावड्यांत साप असतात. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर चाला, तिरप्या उन्हात खोबणींची सावली पडते आणि भर दुपारी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही असं चाकाचं घासलेलं तेव्हा दिसतं. पत्रांतल्या दुसऱ्या मुक्कामाचं नाव लागलं की मला कळवा. त्या पट्ट्याची माझी जुनी फील्डबुकं अजून घरात आहेत, तुमच्या खिंडीखालचं पाणी त्यांत कुठं नोंदलंय का ते मी काढून ठेवतो.